पेंग्विनांच्या हितासाठी घातलेली अट

हॉल्डेन सरांचं घर विकायचं ठरलं ते त्यांच्या बायकोच्या, नोएलीनच्या गुडघ्यामुळे, आणि विकता विकता राहिलं ते सरांच्या लेखणीमुळे. गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. लेखणीबद्दल सरांना आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं, हीच खरी अडचण.

सर तसे साधे गृहस्थ. दक्षिण गोलार्धातल्या ओमारू या बंदराच्या गावी एका प्राथमिक शाळेतून उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मुख्याध्यापक का झाले नाहीत, हा विषय घरात निघत नसे. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी विरामचिन्हं शिकवली होती, आणि त्यांपैकी कुणीही ती वापरत नाही हे दुःख ते शांतपणे बाळगून होते. निवृत्तीनंतर त्यांच्या हातून एकच मोठं कार्य झालं. हिरवळीवर पांढरे कपडे घालून जड गोळे घरंगळवणाऱ्या ज्येष्ठांचा जो क्लब आहे, त्याची घटना त्यांनी लिहिली. चहाच्या पिंपाची तोटी ठिबकू लागल्यास ठराव कोणी मांडावा, सभा चालू असताना अध्यक्षांना डुलकी लागल्यास सभा चालू समजावी की तहकूब, इथपर्यंत तीत सगळं होतं. तेव्हापासून क्लबात एकही भांडण झालं नाही. सरांच्या मते हा घटनेचा प्रभाव. नोएलीनच्या मते ती कुणी वाचलेलीच नाही.

तर घर. बंदराच्या रस्त्यापासून दारापर्यंत चढत्या दगडी पायऱ्या. घर लाकडी खुंटांवर उभं, खाली कमरेइतकी पोकळी, आणि त्या पोकळीत पेंग्विन. ओमारूत ही काही मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट नाही. कुणाच्या घराखाली मांजर विते, कुणाच्या घराखाली पेंग्विन अंडी घालतात. दीड वीत उंचीचे, निळ्या पाठीचे, संध्याकाळी समुद्रातून वर येतात, दोन्हीकडे न बघता रस्ता ओलांडतात, आणि मग गाढवाला दमा व्हावा तशा आवाजात एकमेकांना दिवसभराची हकीकत सांगत बसतात. वासाबद्दल न बोललेलं बरं. सर त्यांना 'भाडं न देणारे भाडेकरू' म्हणत आणि आल्यागेल्याकडे त्यांची तक्रार करत. हिवाळ्यात पोकळीत पाणी शिरू नये म्हणून पावसाच्या आधी चर कोण खणतं, हे मात्र शेजारच्या जॉसलिनला कुंपणावरून दिसत असे. ती बोलत नसे. म्हणजे सरांशी बोलत नसे; बाकी गावाला माहीत होतं.

तासाभराच्या वाटेवरच्या टिमारू गावी, नोएलीनच्या धाकट्या बहिणीच्या शेजारी, ज्येष्ठांच्या वसाहतीत एक बैठं घर रिकामं झालं होतं. एकही पायरी नाही. वसाहतीच्या बाईंनी मार्चअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. तोवर ओमारूचं घर विकलं गेलं नाही, तर ते पुढच्या नंबराला जाणार होतं. नोएलीनने ते घर एकदाच पाहिलं. परत येताना ती गाडीत काही बोलली नाही, नुसती पाय लांब करून बसली. सरांना वाटलं, तिला आवडलेलं दिसत नाही.

डिसेंबरात, उन्हाळा लागता लागता, डॅरिल नावाचा एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. सेमिसी आणि त्याची बायको लुपे, टोंगा बेटांवरून आलेलं कुटुंब. सेमिसी मांसाच्या कारखान्यात सुऱ्या चालवायचा आणि बोलायचा इतकं हळू, की समोरचाही आपोआप आवाज खाली आणी. बरोबर त्याची आई मेलेआने, चर्चला जाताना नेसतात तशी विणलेली चटई कमरेला गुंडाळून. कारण घर बघायला जाणं म्हणजे काही बाजारात जाणं नव्हे. आणि लुपेच्या कडेवर एक मुलगी. ही सगळी मंडळी चुलतभावाच्या घरी दोन खोल्यांत राहत होती. मोठी माणसं खोल्या मोजत, नळ सोडून बघत फिरली. मुलगी स्वयंपाकघरात जिथे दुपारचं ऊन पडतं त्या चौकोनात रांगत जाऊन बसली आणि कुणाला उचलू देईना. नोएलीनने त्या क्षणी घर विकलं. कागदपत्रं ही नंतरची गोष्ट.

कागदपत्रं मात्र होतीच. घरविक्रीचा करार छापील असतो, आणि मागे कोरी पानं असतात, ती अटींसाठी. 'अमुक झालं तरच ही विक्री पुरी होईल' अशी एकेक अट तिथे घालायची. अट पूर्ण झाली, किंवा ती ज्याच्या हितासाठी आहे त्याने आपण होऊन सोडून दिली, की करार विनाअट होतो. आणि करार विनाअट झाल्याशिवाय बँक हात ढिला करत नाही. सेमिसीच्या दोन अटी होत्या, त्या डॅरिलच्या फोनमध्ये तयारच होत्या: बँकेचं कर्ज मंजूर होणं आणि घराची तपासणी ठीक येणं. तपासणी करणाऱ्याने सांगितलं, घर उत्तम, फक्त खालचे काही खुंट कुजलेत, ताबा मिळाला की बदलून घ्या.

खालचे खुंट म्हणजे पोकळी, आणि पोकळीत ठोकाठोक म्हणजे पेंग्विन. सर आल्याची वडी तोंडात धरून गंभीर झाले.

पुढचे काही दिवस सल्ल्यांचे गेले. जॉसलिनने कुंपणावरून सांगितलं, की आत्ता लिहून घेतलं नाही तर नंतर कोण कुणाचं ऐकतो; तिच्या नणंदेच्या घराखाली नव्या मालकाने विणीच्या दिवसांतच फळ्या ठोकल्या, तेव्हापासून नणंद त्या गल्लीतून जात नाही. क्लबाचा खजिनदार कॉलिन म्हणाला, अट घालायची तर ती कुणाच्या हितासाठी आहे ते लिहायलाच हवं. त्याने एकदा होडी विकायला काढली होती. करारात अट होती, पण ती कुणाच्या हिताची ते लिहिलेलं नव्हतं. घेणारा म्हणे माझ्या, कॉलिन म्हणे माझ्या. होडी अजून बंदराच्या मागे उलटी पडलेली आहे, तिच्यावर आता चांगलं गवत आलंय. डॅरिल म्हणाला, अट लिहायला वकील गाठा, सोपं पडेल. सरांनी त्याच्याकडे, शाळेत ज्या नजरेने ते चुकीच्या जागी स्वल्पविराम देणाऱ्याकडे बघत, त्या नजरेने पाहिलं. क्लबाची घटना लिहिणाऱ्या माणसाने एका अटीसाठी वकील गाठायचा, हे जरा जास्तच होतं.

अट लिहायला सरांना आठवडा लागला. मुख्य वाक्य लगेच जमलं. अडलं ते हिताच्या प्रश्नावर. अट कुणाच्या हितासाठी? विकणाऱ्याच्या? छे. त्या पक्ष्यांपासून सरांना कसलं हित. सरांना मिळाला तो वास. घेणाऱ्याच्या? त्या बिचाऱ्याला तर नुसतं थांबायचं होतं. सरांनी आयुष्यात कधी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी खरं काय ते लिहिलं. वर सुरक्षितता म्हणून घटनेतलं एक उत्तम कलम जोडलं: ज्यांच्या हितासाठी तरतूद आहे, त्यांच्या संमतीशिवाय तीत फेरफार होणार नाही. मुळात ते कलम क्लबातल्या बायकांच्या कपाटाच्या किल्लीबद्दल होतं, आणि आजवर टिकलं होतं.

तयार झालेली अट अशी होती: "घराच्या खालील पोकळीत सध्या राहत असलेले पेंग्विन व त्यांचे वारस यांनी, कोणीही न हुसकता, आपल्या मर्जीने, फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवशी सदर जागा रिकामी केलेली असेल, तरच ही विक्री पुरी होईल. ही अट केवळ सदर पेंग्विनांच्या हितासाठी घातलेली असून, ती सोडून देण्याचा किंवा तीत बदल करण्याचा अधिकार फक्त त्यांनाच राहील."

सरांनी ती नोएलीनला मोठ्याने वाचून दाखवली. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, छान आहे, 'वारस' जरा जास्त वाटतं. सरांनी 'वारस' ठेवलं. डॅरिल करारात फक्त सहीच्या जागा वाचतो. त्या सगळ्या बरोबर होत्या. सेमिसीने मात्र अट सावकाश दोनदा वाचली आणि आईला आपल्या भाषेत समजावून सांगितली. मेलेआने बराच वेळ ऐकून म्हणाली, ही माणसं चांगली दिसतात, पक्ष्यांनाही विचारतात. सह्या झाल्या. आल्याच्या वड्या संपल्या.

जानेवारीत पिल्लं मोठी होऊन समुद्रात गेली, मागोमाग आईबापही गेले. पोकळी रिकामी झाली, इतकी की घर कानाला जड वाटू लागलं. सर रोज संध्याकाळी वाकून बघत आणि चहाच्या वेळी निवेदन करत: आजही कुणी नाही. दोनचार दिवस ऐकून नोएलीन म्हणाली, मग वकिलाला कळवून टाक की जागा रिकामी झाली, तेही लोक मोकळे, आपणही. सर म्हणाले, अटीत फेब्रुवारीचा अखेरचा दिवस लिहिलाय. त्याआधी कळवणं म्हणजे शब्दांशी प्रतारणा. सेमिसी आणि त्याची आई काय म्हणतील? नोएलीनने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, कप खाली ठेवला आणि खोकी भरायला गेली.

फेब्रुवारीच्या मध्यावर पेंग्विन परत आले.

आले ते लग्नातली जेवणं उरकून आल्यासारखे, गुबगुबीत, डुलत. आणि पोकळीत ठाण मांडून बसले. दरवर्षी बसतात. जुनी पिसं झडतात, नवी फुटतात, आणि नवा अंगरखा अंगावर नीट बसेपर्यंत पाण्यात उतरलं तर बुडायला होतं, म्हणून उपाशी, चिडक्या चेहऱ्याने, अंगावरून फाटक्या उशीसारखी पिसं गाळत जागच्या जागी उभे राहतात. सरांनी हे दरवर्षी पाहिलं होतं. दरवर्षी पायऱ्यांवरची पिसं झाडली होती. चौथीच्या वर्गाला यावर निबंध घातला होता. अट लिहिताना हे आठवलं कसं नाही, असं जॉसलिनने कुंपणावरून विचारलं, तेव्हा सर म्हणाले की अटीचं लक्ष तत्त्वावर असतं, तपशिलावर नसतं.

अखेरच्या दिवशी संध्याकाळी रीतसर पाहणी झाली. साक्षीदार म्हणून कॉलिन, प्रेक्षक म्हणून जॉसलिन, आणि घड्याळाकडे बघत डॅरिल. सर टोपी काढून गुडघ्यांवर आले आणि टॉर्च घेऊन आत डोकावले. आतून एकाने टॉर्चच्या काचेवर चोच मारली. सर उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, "आहेत."

कॉलिन म्हणाला, निदान होडीत कुणी राहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर वकिलाकडे गेले. गावातली वकील अनाहेरा टिपा ही त्यांचीच विद्यार्थिनी. चौथीत खिडकीजवळ बसायची आणि बरोबर उत्तर येत असूनही हात वर करत नसे. तिने अट वाचली. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचली.

"सर, ही कुणी लिहिली?"

सरांनी विनयाने मान खाली घातली. विनयाची ती जागा नव्हती.

अनाहेराने एकेक गोष्ट समजून घेतली. पक्षी असले तरी सेमिसीला चालतं ना? चालतं, त्याने फोनवर सांगितलं होतं, पिसं फुटून गेले की मग खुंट बदलू, त्यांनाही घाई नाही, आम्हालाही नाही. सरांची हरकत? मुळीच नाही. "मग मी म्हटलं असतं, अट सोडून द्या आणि घरी जा," ती म्हणाली. "पण ही अट तुमची नाही. त्याचीही नाही. बँकेचा वकील क्राइस्टचर्चला असतो. सकाळी त्याचाच फोन आला होता. तो म्हणाला, पेंग्विनांच्या वतीने सही करायचा अधिकार कुणाला आहे, त्याचा कागद लागेल."

"असं म्हणाला?"

"हसला नाही, सर. मी वाट पाहिली."

मग तिने उपाय सांगितला, आणि तो अगदी सोपा होता. दोघांनी समोरासमोर बसायचं, हा करार फाडायचा, आणि ही अट गाळून त्याच बैठकीत दुसरा करायचा. अर्धा तास लागेल. फक्त मार्चअखेरच्या आत, कारण बँकेचा शब्द तोवरचाच आहे, आणि टिमारूचं घरही.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, की अटीत भाषेची एकही चूक नाही. असेल तर ती क्राइस्टचर्चच्या माणसाच्या आकलनात आहे. अधिकाराचा कागद हवा ना, तो मिळवता येईल. अनाहेराने तोंड उघडलं आणि मिटलं. चौथीतली सवय.

तर पुढचे आठवडे सर पेंग्विनांचा प्रतिनिधी शोधत फिरले. वन्यजीव खात्याच्या कचेरीतल्या मुलीने शांतपणे सांगितलं, की खातं पेंग्विन या जातीचं रक्षण करतं. एकेका पेंग्विनाच्या खासगी व्यवहारात पडत नाही. शिवाय पिसं झडण्याच्या काळात टॉर्च घेऊन त्यांच्या तोंडावर कोण गेलं होतं, हे तिला जाणून घ्यायचं होतं, कारण तो गुन्हा आहे. सरांनी आपलं नाव सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. नगरपालिकेत खिडकीमागचा गृहस्थ आदबशीर होता. तो म्हणाला, पेंग्विन करदात्यांच्या यादीत नाहीत, तेव्हा त्यांच्या वतीने काही करता येणार नाही. पण तुमच्या करारात पोकळीत 'राहत असलेले' असं स्पष्ट लिहिलंय, तर ती राहती जागा म्हणून वापरायला परवानगी घेतली होती का? सर म्हणाले, ते पेंग्विन आहेत. गृहस्थ म्हणाला, ते आमच्या लक्षात आलंय, पण शब्द तुमचा आहे. आठवड्याभरात घरी एक माणूस येऊन पोकळीची उंची मोजून गेला आणि राहण्यास अयोग्य असा शेरा मारून गेला.

शेवटी क्लबाची खास सभा बोलावली. कॉलिनला पेंग्विनांचा अधिकृत प्रतिनिधी नेमावं असा ठराव सरांनीच मांडला आणि भाषणही बरं झालं. बायकांच्या विभागाने विचारलं, प्रतिनिधी पुरुषच का. त्यावर अर्धा तास गेला. मग मतं मोजली, ठराव मंजूर झाला, टाळ्या वाजल्या, आणि टाळ्यांनी अध्यक्ष जागे झाले. तेव्हा कुणाला तरी आठवलं, की अध्यक्षांना डुलकी लागल्यास सभा तहकूब समजावी असं घटनेत आहे. घटना कुणीतरी वाचली होती. सरांना आनंद व्हायला हवा होता.

मधल्या काळात डॅरिलचा फोन आला. क्वीन्सटाउनचा एक माणूस आहे, सुट्टीसाठी घर बघतोय, जास्त द्यायला तयार आहे. करार नाहीतरी लटकलाय, तर विचार करा. सर म्हणाले, मी शब्द दिलाय. डॅरिल म्हणाला, शब्द तर पेंग्विनांना दिलाय. सरांनी फोन ठेवला, पण ते वाक्य त्यांच्याबरोबर दिवसभर घरभर हिंडत राहिलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, सेमिसी आणि मेलेआने आले. हातात पातेलं; अळूच्या पानांत, नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस. सेमिसी बसला, हात गुडघ्यांवर ठेवून. बँकेची मुदत संपत आल्याचं त्याने एकदाच सांगितलं. करार फाडायला तो तयार होता. पण अडखळला, आणि म्हणाला, की कागद फाटला आणि दुसरा व्हायच्या आत कुणी काही म्हटलं, तर आमच्या हातात काय? त्यालाही कुणीतरी क्वीन्सटाउनबद्दल सांगितलेलं दिसत होतं. सर ताठ झाले. काही बोलणार, तेवढ्यात मेलेआनेने मुलाला काहीतरी विचारलं.

"आई विचारते, पायऱ्यांच्या मध्यावर खुर्ची कुणी ठेवलीय?" सेमिसी म्हणाला. "ती येताना बसली त्यावर. म्हणते, ज्याने ठेवली त्याचं भलं होवो."

"कुठली खुर्ची?" सर म्हणाले.

सर उठून बाहेर गेले. पायऱ्या जिथे वळतात तिथल्या सपाट दगडावर स्वयंपाकघरातली खुर्ची होती. निळी, पाठीचा एक गज सैल असलेली. भिंतीला टेकवलेली. सरांनी ती उचलायला हात घातला, तर खुर्चीचे पाय दगडाला धरून बसले होते. खाली शेवाळ आलं होतं. बसायच्या फळीवरचा रंग मध्ये झिजून गेला होता. सर पायऱ्या दिवसातून दहादा चढत-उतरत. स्वयंपाकघरात एक खुर्ची कमी आहे, हेही त्यांना आत्ता जाणवलं.

मागे नोएलीन दारात येऊन उभी होती, चौकटीला धरून.

"ही कधीपासून आहे इथे?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

"मला दिसली कशी नाही?"

"तू या पायऱ्यांवर असतोस तेव्हा पोकळीकडे बघत असतोस, बेव्हन." ती रागावलेली नव्हती, आणि तेच सरांना सोसेना. "जायचं नसेल तर तसं म्हण. मी ऐकून घेईन. पक्ष्यांवर घालू नकोस."

खाली पोकळीत कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज केला. सरांना जानेवारी आठवला. रिकाम्या पोकळीपुढे रोज वाकून उभा राहणारा माणूस आठवला. तो काय बघत होता, कुणाची वाट बघत होता. शब्दांशी प्रतारणा नको म्हणणारा.

"तुला खरंच जायचंय?" त्यांनी विचारलं.

"मला एकदा बसायचंय," नोएलीन म्हणाली, "पुढच्या पायऱ्या डोक्यात न आणता."

सर खुर्चीवर बसले. गज पाठीला लागला. तिथून बंदर दिसत होतं, पण पोकळी दिसत नव्हती. थोड्या वेळाने ते आत आले आणि सेमिसीला म्हणाले, "उद्या सकाळी अनाहेराकडे या. सगळे या. मुलीलाही आणा."

दुसऱ्या दिवशी अनाहेराच्या कचेरीत खुर्च्या कमी पडल्या. टेबलावर जुना करार आणि शेजारी नवा. डॅरिलही आला होता, कारण त्याला सह्यांच्या जागा दाखवायच्या होत्या. अनाहेराने विचारलं, कुणाला काही अट घालायची आहे का, आणि सगळे सरांकडे बघू लागले. सर म्हणाले, "माझी काही नाही." खोलीत कुणीतरी सोडलेला श्वास ऐकू आला. बहुतेक डॅरिलचा.

मग मेलेआने बोलू लागली. बराच वेळ बोलली. सेमिसीने मधे एकदा मान हलवली, तर तिने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. शेवटी तो अनाहेराला म्हणाला, "आई म्हणते, आमच्याकडे जमीन विकतच नाहीत, त्यामुळे तिला यातलं कळत नाही. पण घर सोडून जाणाऱ्याला परत यायला वाट लागते, तेवढं तिला कळतं. ते लिहा म्हणते." अनाहेराने त्याला दोन-तीन प्रश्न विचारले आणि कोऱ्या पानावर हातानेच लिहिलं. मग कागद सरांकडे सरकवला.

"विकणाऱ्याला व त्याच्या पत्नीला, पेंग्विन येतील त्या दिवसांत, वाटेल त्या संध्याकाळी येऊन घराच्या पायथ्याशी बसता येईल. खुर्च्या, खरेदीदार देईल. ही अट केवळ विकणाऱ्याच्या हितासाठी घातलेली असून, ती सोडून देण्याचा अधिकार फक्त त्यालाच राहील."

सरांनी वाचलं. 'खुर्च्या' नंतरचा स्वल्पविराम चुकला होता, ठळक चुकला होता. सरांनी पेनाचं टोपण काढलं. अनाहेरा खिडकीजवळ बसणाऱ्या मुलीसारखी त्यांच्या हाताकडे बघत राहिली. सरांचं पेन स्वल्पविरामाच्या वर थांबलं, मग खाली उतरत उतरत सहीच्या जागी गेलं, आणि त्यांनी सही केली. नोएलीनने केली. मग सरांनी तो नवा, सही झालेला कागद उचलून टेबलाच्या पलीकडे सेमिसीच्या हातात दिला, आणि मगच जुना करार उभा धरून फाडला.

अनाहेरा म्हणाली, "सर, मधले काही क्षण तुम्ही एकच घर एकाच माणसाला दोनदा विकलं होतं. असं करायचं नसतं."

"त्याच्या हातात काहीतरी हवं होतं," सर म्हणाले.

सेमिसीने कागद दोन्ही हातांनी धरला होता. त्याने सही केली तेव्हा लुपेच्या मांडीवरच्या मुलीने फाटलेल्या कराराचा तुकडा उचलून तोंडात घातला, आणि पेंग्विन व त्यांचे वारस यांच्या मर्जीचा भाग बोटं घालून बाहेर काढावा लागला.

आता टिमारूच्या घरात सगळं एका पातळीवर आहे. नोएलीन आधी काही दिवस दारातून बाहेर पडताना पाय उचलायची, सवयीने, आणि मग हसायची. वसाहतीच्या रहिवाशांना नियमावली नाही हे सरांच्या लक्षात आलं आहे. नोएलीनने त्यांना त्याबद्दल एकदाच आणि स्पष्ट सांगितलं आहे. ओमारूच्या घराचे खुंट सेमिसीने पिसं झडून पक्षी समुद्रात गेल्यावर बदलले. पोकळीला लागून एक चर आहे तो कशासाठी, हे त्याने फोन करून विचारलं. सरांनी तो कसा खणायचा हे इतकं सविस्तर सांगितलं, की तो दरवर्षी आपणच खणत होतो हे तोंडातून निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

वसंत लागला की दोघं गाडीने येतात. खाली रस्त्यालगत, जिथे पायऱ्या सुरू होतात त्याच्याही आधी, दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. एक नवी, एक निळी; निळीचा गज सेमिसीने पक्का केला आहे. मेलेआने पातेलं घेऊन उतरते. सूर्य डोंगरामागे गेला की पाण्यातून आधी एक, मग चारपाच, ओले, डुलत वर येतात, आणि मुलगी आता चालते ती हुबेहूब त्यांच्यासारखी. कोण कुणाचं बघून शिकलं सांगता येत नाही. सर वास फार येतो म्हणून तक्रार करतात. नोएलीन पाय लांब करून बसते. आता ते त्याचा अर्थ चुकवत नाहीत.

करारातली ती अट सोडून देण्याचा अधिकार फक्त सरांना आहे. त्यांनी तो अजून वापरलेला नाही.